सशाच्या आतड्याला दोन गाठी

एप्रिल १९८६मध्ये 'करंट कंटेंट्स' या अमेरिकी साप्ताहिकात कलकत्त्याच्या एका पॅथॉलॉजिस्टवर लेख आला. भारतातल्या मोठ्या संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांत तेव्हा हे साप्ताहिक येत असे. लहान आकार, पातळ कागद, डोळे ताणायला लावणारा टाइप आणि आत जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांच्या अनुक्रमणिका. त्यात साप्ताहिकाचे संस्थापक युजीन गारफील्ड स्वतः एखादा निबंध लिहीत. या खेपेचा विषय होता कॉलऱ्यावरच्या संशोधनाचा नकाशा आणि त्या नकाशावर डॉ. शंभुनाथ दे यांची जागा. लेख छापून आला तेव्हा दे यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

गारफील्ड काही कॉलऱ्याचे जाणकार नव्हते. त्यांच्याकडे एक खातेवही होती. शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा आपण आधीच्या कुणाकुणाच्या कामावर उभे आहोत हे तो संदर्भांत नोंदवतो. या नोंदी उलट्या दिशेनं वाचता येतील, म्हणजे एखादा जुना लेख घेऊन पुढे तो कोणी कोणी वापरला हे शोधता येईल, अशी कल्पना गारफील्डनी १९५५ साली मांडली. साठच्या दशकात फिलाडेल्फियाच्या त्यांच्या संस्थेतून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला. जगातल्या कुठल्या शास्त्रज्ञानं कुणाचं ऋण मान्य केलं, याचा तो जमाखर्च. आज प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जात जे 'सायटेशन' मोजले जातात, त्यांचं मूळ तिथं आहे.

त्या वहीत कॉलऱ्याचं पान उघडलं की कलकत्त्याचं एक नाव पुन्हा पुन्हा समोर येत होतं. हा माणूस भारतात कुठल्या अकादमीचा फेलो नव्हता, त्याला कुठलंही मोठं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं नव्हतं. आकडे एक सांगत होते आणि मानसन्मानाची दप्तरं दुसरंच. हे प्रकरण त्या तफावतीबद्दल आहे. पण त्याआधी दे यांनी नेमकं केलं काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर 'उपेक्षित भारतीय शास्त्रज्ञ' या ठरावीक साच्यात त्यांना बसवून आपण मोकळे होऊ.

दे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावातला. वडिलांचा किरकोळ धंदा, घरची परिस्थिती बेताची. हुगळीच्या मोहसिन कॉलेजातून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात आले, १९३९ साली एम. बी. झाले, पुढे उष्णकटिबंधातल्या रोगांची पदविका घेतली आणि पॅथॉलॉजी विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. आपल्याकडे पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की रक्त-लघवीचे रिपोर्ट देणारी कोपऱ्यावरची लॅब आठवते. मेडिकल कॉलेजातल्या पॅथॉलॉजिस्टचा दिवस वेगळा असतो: शवविच्छेदन, सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकांच्या चकत्या, विद्यार्थ्यांचे वर्ग. माणूस कशानं गेला, शरीरात नेमकं कुठं काय बिघडलं, हा त्याचा रोजचा प्रश्न. कलकत्त्याच्या पॅथॉलॉजिस्टला या प्रश्नाचं उत्तर वारंवार एकच मिळे, ते म्हणजे कॉलरा.

कॉलऱ्याला मराठीत पटकी म्हणतात, आणि हा रोग माणसाला कसा पटकन उचलून नेतो हे जुन्या लोकांना सांगावं लागत नसे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी संपलेला असे. गावोगावी मरीआईची, जरीमरीची ठाणी आहेत ती याच धास्तीतून. रोग बळावला की आजाऱ्याच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. शौच तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. डोळे खोल जातात, कातडीची घडी तशीच राहते, आवाज बसतो, लघवी थांबते.

रोगाचा जिवाणू सापडून बराच काळ लोटला होता. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीनं तो १८५४ साली पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. रॉबर्ट कॉख १८८३ साली इजिप्तमार्गे कलकत्त्याला आला, त्यानं स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू वेगळा काढला आणि १८८४ साली तो जगाला सांगितला. हा जिवाणू एखादं खास विष सोडत असावा, असा अंदाजही त्यानं बोलून दाखवला. इथून पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं मात्र विचित्र गेली. घटसर्पाच्या जिवाणूचं विष १८८८ साली पॅरिसमध्ये सापडलं, धनुर्वाताचंही सापडलं. कॉलऱ्याचं सापडेना. जिवाणू वाढवलेलं पाणी गाळून प्राण्यांना टोचलं तर पटकीसारखं काही होत नसे. उलट मेलेले जिवाणूच टोचले तर प्राणी दगावत. त्यावरून १८९२च्या सुमारास रिचर्ड फायफरनं असं मांडलं की विष जिवाणूच्या शरीरातच असतं आणि तो फुटला की मोकळं होतं. त्याला नाव मिळालं 'एंडोटॉक्सिन'. नाव मिळालं की निम्मा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. त्यात आणखी एका समजाची भर पडली. कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं, असं शवविच्छेदनावरून बऱ्याच जणांचं मत होतं. मृत्यूनंतर आतड्याचं अस्तर आपोआपच झपाट्यानं सुटतं, ही गोष्ट हिशेबात पुरेशी धरली गेली नव्हती.

दे यांना या कोंडीतून वाट सापडली ती लंडनमध्ये, आणि तीही कॉलऱ्याचा अभ्यास करताना नव्हे. १९४७ साली ते युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत सर रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली पीएच. डी.साठी गेले. तिथला त्यांचा विषय होता फुप्फुसात पाणी भरणं. मेंदूला इजा झाली की फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतून द्रव कसा पाझरतो, हे त्यांनी प्रयोगातून तपासलं. १९४९ साली पदवी घेऊन ते परतले. या दोन वर्षांत नजरेला जी सवय लागली ती मला या सगळ्या गोष्टीतली कळीची वाटते. इतर लोक कॉलऱ्याकडे 'जिवाणू माणसाला कसा मारतो' असं पाहत होते. दे पाहू लागले ते असं: या रोगात पाणी एका जागेतून दुसऱ्या जागेत जातं, तर ते जातं कसं, कुठून आणि कुणाच्या सांगण्यावरून?

आधी त्यांचं लक्ष गेलं मूत्रपिंडांकडे. कॉलऱ्यातून वाचलेले रोगीही पुढे लघवी बंद पडून मरत, आणि त्यांच्या मूत्रपिंडांतले बदल दे यांनी नोंदवले. त्याचबरोबर सशांवरचे प्रयोग सुरू झाले. सहकारी जे. के. सरकार आणि त्यांचे विभागातले ज्येष्ठ बी. पी. त्रिवेदी यांच्याबरोबरचा पहिला लेख १९५१ साली 'जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये आला. अडचण जुनीच होती. मोठ्या सशाला जिवाणू पाजले तर ते आतड्यातून वाहून जात. पोटाच्या पोकळीत टोचले तर ससा मरे, पण पटकीनं नव्हे.

डी. एन. चटर्जी यांच्याबरोबर १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दे यांनी जे केलं ते वाचताना आधी हसू येतं, इतकं ते साधं आहे. उपाशी ठेवलेल्या सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा जागच्या जागी दोन्ही टोकांना रेशमी धाग्यानं बांधायचा. रक्तवाहिन्या शाबूत ठेवायच्या. बंद झालेल्या त्या तुकड्यात कॉलऱ्याचे जिवाणू सोडायचे, शेजारच्या तशाच तुकड्यात जिवाणू नसलेला द्रव. पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचं. निव्वळ द्रव घातलेला तुकडा चपटा, रिकामा. जिवाणूंचा तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला, आणि आतलं पाणी पटकीच्या शौचासारखं.

या दोन गाठींनी एका फटक्यात तीन गोष्टी साधल्या. जिवाणू वाहून जायचे थांबले. ससा मरतो की जगतो हा निकष बाजूला पडला, कारण आता पाणी मोजता येत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संशयित वस्तू जिथं काम करते तिथंच ती ठेवली गेली. सत्तर वर्षं लोक विष रक्तात नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचत होते. ते काम करतं आतड्याच्या आतल्या बाजूनं, अस्तराच्या पृष्ठभागावर.

ही युक्ती जगात पहिल्यांदाच लढवली गेली, असं मात्र नाही. व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो यांनी १९१५ साली फ्रेंचमध्ये सशाच्या बांधलेल्या आतड्याचा प्रयोग लिहून ठेवला होता. तो कोणी पुढे नेला नाही, उल्लेखला नाही, आणि दे यांच्याही तो पाहण्यात आला नव्हता. ज्या माणसाच्या कामाला पुढे उशिरा दाद मिळाली, त्याच्या आधीही त्याच वाटेवर कुणीतरी दाद न मिळता गेलेलं होतं.

आता शेवटचा टप्पा. जिवाणू घातले तर आतडं फुगतं; पण हे जिवाणूच्या शरीरामुळे, की त्यानं बाहेर सोडलेल्या कशामुळे? उत्तर ३० मे १९५९च्या 'नेचर'मध्ये आलं. दे यांनी जिवाणू द्रवात वाढवले, तो द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला आणि एकही जिवाणू नसलेलं ते पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातलं. आतडं फुगलं. म्हणजे विष जिवाणूच्या बाहेर, पाण्यात होतं. कॉखचा पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा अंदाज खरा ठरला, आणि तोही ज्या शहरात कॉखनं जिवाणू वेगळा काढला होता त्याच शहरात. लेखावर नाव एकट्या दे यांचं.

मधल्या काळातला, १९५६चा, आणखी एक लेख आहे, त्याची चर्चा फार कमी होते. दे, भट्टाचार्य आणि सरकार यांनी जुलाबाच्या रुग्णांकडून मिळालेले ई. कोलाय जिवाणू याच पद्धतीनं तपासले, आणि त्यातल्या काहींनी आतडं अगदी कॉलऱ्यासारखंच फुगवलं. ई. कोलाय म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या पोटात सुखानं नांदणारा जिवाणू. त्याच्यातल्या काही जाती विष सोडतात आणि लहान मुलांचे, प्रवाशांचे कितीतरी जुलाब त्यांच्यामुळे होतात, हे जगानं स्वीकारायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली. एका माणसानं एकाच साधनानं दोन रोगांची गुरुकिल्ली शोधावी, हे वैद्यकात रोज घडत नाही.

इथं थोडं मुंबईला यायला हवं. त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा एक छोटा लेख 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त आला. एन. के. दत्ता यांनी हब्बू यांच्याबरोबर १९५५ सालीच सशाच्या दूधपित्या पिल्लांमध्ये कॉलऱ्यासारखा जुलाब घडवून दाखवला होता. आता या गटानं दाखवलं की जिवंत जिवाणू नसलेला अर्क दिला तरी पिल्लांना तसाच जुलाब होतो. कलकत्त्यात आणि परळला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वाटांनी लोक एकाच ठिकाणी पोचले होते. हाफकिनला हा विषय वारशानंच आला होता. ज्याच्या नावानं संस्था आहे त्या वाल्देमार हाफकिननं प्लेगच्या लशीआधी कॉलऱ्याची लस केली होती आणि १८९४ साली ती कलकत्त्यात टोचली होती. आषाढी-कार्तिकीला निघालेल्या वारकऱ्यांच्या दंडात पटकीची सुई टोचायचे ते दिवस जुन्या पिढीला आठवत असतील.

पुढे अमेरिकी संशोधक रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी १९६४ साली विषाच्या शोधाची जी मालिका सुरू केली ती परळच्या याच पिल्लांच्या पद्धतीवर, आणि तिच्या पहिल्या लेखावर दत्तांचं नाव सहलेखक म्हणून आहे. दे यांच्यावर उशिरा का होईना, प्रकाश पडला. परळच्या पानसे-कुलकर्णींचं नाव महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? मराठीतल्या विज्ञानलेखनानंही, मी धरून, त्यांच्याकडे फारसं वळून पाहिलेलं नाही.

'नेचर'मधल्या लेखाचं पुढे काय झालं? सुरुवातीला फारसं काहीच नाही. याचं खापर एकट्या गोऱ्या जगाच्या दुर्लक्षावर फोडणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. दे यांचे लेख ब्रिटनच्या नामांकित नियतकालिकांत छापले जात होते. १९६१ साली एडिंबरोच्या प्रकाशकानं त्यांचं कॉलऱ्यावरचं पुस्तक काढलं. दार बंद नव्हतं. आतले लोक दुसऱ्या गप्पांत होते. शिकागोपासून तैपेपर्यंत कॉलऱ्यावर काम करणाऱ्यांच्या आपापल्या उपपत्ती होत्या. कुणाचा भर एंडोटॉक्सिनवर, तर कुणाचा असा की रुग्णाच्या शौचातला एखादा पदार्थ आतड्यातला सोडियमचा पंप बंद पाडतो. शिवाय पन्नाशीच्या दशकात कॉलरा हा बंगाल आणि आसपासच्या मुलखाचा रोग उरला होता, आणि श्रीमंत देशांना त्याची धास्ती नव्हती. १९६१ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून 'एल तोर' जातीच्या कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ निघाली तेव्हा चित्र पालटलं. ढाक्यात 'सीटो' करारातल्या देशांच्या मदतीनं प्रयोगशाळा उभी राहिलीच होती, कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सचं केंद्र आलं, पैसा आला, यंत्रं आली. दे यांच्याकडे ती नव्हती. विष आहे हे सिद्ध करायला ससा आणि रेशीम पुरलं. विष शुद्ध करून वेगळं काढायला वेगळ्या सामग्रीची गरज होती. ते काम फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ साली अमेरिकेत पुरं केलं.

एकदा शुद्ध विष हाती आल्यावर मात्र दे यांचे जुने लेख उघडल्यावाचून कुणालाच पुढे जाता येईना. विषाचा रेणू दोन भागांचा निघाला. पाच सारखे तुकडे मिळून 'ब' भाग, आणि त्यांच्या मधोमध 'अ' भाग. 'ब' भाग आतड्याच्या पेशीवरच्या एका स्निग्ध रेणूला चिकटतो आणि 'अ'चा सक्रिय अंश आत शिरून पेशीतल्या एका प्रथिनाला कायमचं 'चालू' स्थितीत अडकवतो. नळाची तोटी पुरी उघडावी आणि मूठच काढून न्यावी, तसं. पेशीत सायक्लिक एएमपीची पातळी चढते, क्लोराइड बाहेर येऊ लागतं, त्यामागं सोडियम आणि पाणी. पेशी मरत नाही. आतड्याचं अस्तरही सोलवटत नाही. १९६०च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून पाहिले गेले, तेव्हा अस्तर जागेवर असल्याचं दिसलंच होतं.

अस्तर शाबूत आहे, म्हणून साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची दुसरी वाट कॉलऱ्यातही खुली असते. त्या वाटेनं पाणी परत आत नेणं म्हणजेच मीठ-साखरेचं पाणी, आपलं ओआरएस. दे यांनी ओआरएस शोधलं नाही, तसा दावा कोणी करू नये. त्याची वंशावळ वेगळी आहे. पण 'कॉलऱ्यात आतडं उद्ध्वस्त झालेलं असतं' हा समज पक्का असता, तर तोंडावाटे पाणी पाजायला कोण धजावलं असतं? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते धाडस केलं आणि छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला.

विषाचा दुसरा उपयोग कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पेशीतलं ते 'अडकणारं' प्रथिन ओळखायला आणि त्याचं काम समजून घ्यायला कॉलऱ्याचं विष हे एक हत्यारच ठरलं. अशा प्रथिनांच्या शोधासाठी १९९४ साली आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना नोबेल मिळालं. दे यांचा १९५९चा लेख पेशीविज्ञानाच्या इतिहासातही अभिजात ठरेल, असं ऑक्सफर्डचे विषतज्ज्ञ व्हॅन हेनिंगन यांनी १९८३ सालच्या पुस्तकात लिहिलं होतं, ते याच अर्थानं.

दे यांच्या हयातीतला एकमेव मोठा जागतिक मान आला १९७८ साली. स्टॉकहोममध्ये नोबेल प्रतिष्ठाननं कॉलऱ्यावर भरवलेल्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. दे तोवर निवृत्त झाले होते आणि कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये थोडंफार काम करत होते. त्या सभेत ते बोलले त्याचा मतलब असा की, साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी मेल्यातच जमा होतो, या समितीनं मला उकरून काढलं आणि हे दोन दिवस पुन्हा जिवंत झाल्यासारखं वाटतंय. ऐकणाऱ्यांत त्यांच्याच पद्धतीवर आपली कारकीर्द उभी केलेले लोक होते. आपण दे यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं होतं, हे जिवाणूंच्या अनुवंशशास्त्रासाठी स्वतः नोबेल मिळवणारे जोशुआ लेडरबर्ग यांनी नंतर जाहीर केलं. १५ एप्रिल १९८५ रोजी दे वारले. १९९० साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'नं त्यांच्यावर खास अंक काढला. आपल्या अकादम्यांनी या माणसाला निवडलं नाही ही आपल्या काळातली ठळक चूक आहे, असं पी. बालराम यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. हा कबुलीजबाब दे यांच्या मृत्यूनंतर पाचव्या वर्षी आला.

आता गारफील्डच्या वहीकडे परत. सायटेशनच्या मोजणीवर आज मनसोक्त टीका होते आणि त्यातली बरीच रास्त आहे. या मोजणीला दे यांच्यासारख्या कामात दोन प्रकारे चकवा बसतो. पहिला उशिराचा. १९६१ साली कोणी दे यांचं मूल्यमापन मागच्या दोन वर्षांच्या उल्लेखांवर केलं असतं, तर त्यांच्या पदरात फारसं काही पडलं नसतं. नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' नेमका असाच मागच्या दोन वर्षांवर निघतो. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या आणि मग एकदम उल्लेखांचा पाऊस पडलेल्या लेखांना संशोधक 'निद्रिस्त सुंदरी' म्हणतात. दुसरा चकवा अधिक सूक्ष्म आहे. एखादी पद्धत इतकी सर्वमान्य होते की तिच्या कर्त्याचा उल्लेख करण्याची गरजच वाटेनाशी होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं हे विरून जाणं नोंदवून ठेवलं आहे. 'रॅबिट इलियल लूप' ही चाचणी पुढे ई. कोलाय, शिगेला, क्लॉस्ट्रिडियम, बॅसिलस सिरियस अशा अनेक जिवाणूंच्या विषांसाठी वापरली गेली, आणि ती वापरणाऱ्या कित्येकांना दोन गाठी पहिल्यांदा कोणी मारल्या हे लिहावंसंही वाटलं नाही. माझ्या मते संशोधकाला याहून मोठी पावती नाही, पण ती बायोडेटात लिहिता येत नाही.

शिवाय एच-इंडेक्स आहे. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी काढलेला हा आकडा भरपूर आणि सातत्यानं उल्लेखले जाणारे लेख लिहिणाऱ्यावर खूश असतो. तीन-चार निर्णायक लेख लिहून थांबणारा त्याला विशेष वाटत नाही. त्या तीन-चारपैकी एकाला हजार उल्लेख मिळाले तरी एच-इंडेक्सच्या हिशेबात तो एकच लेख.

तरीही मी मोजणीच्या बाजूनं एक गोष्ट मांडेन. दे यांना शोधून काढलं ते आपल्याकडच्या कुठल्या समितीनं नव्हे. समित्यांना नावं माहीत असावी लागतात, त्यांचे सदस्य सभांना भेटत असतात, आणि दे सभा-संमेलनांतले नव्हते. वहीला कलकत्ता, बर्लिन, शिकागो सगळी सारखीच. गारफील्डच्या माणसांनी कोणते लेख जोडीनं उल्लेखले जातात हे पाहून कॉलऱ्याच्या संशोधनाचे नकाशे काढले. संशोधकांनी नकळत केलेल्या नोंदींच्या बेरजेतून दे यांचं नाव वर आलं. जी मोजणी पुढे भारतातल्या विद्यापीठांत गुणांचे तक्ते भरायला राबवली गेली, जिच्यामुळे बनावट नियतकालिकांचा बाजार उघडला आणि जिला आवर घालायला यूजीसीला मान्य नियतकालिकांची यादी करण्याचं काम पुण्याच्या विद्यापीठाकडे सोपवावं लागलं, तीच मोजणी एकदा, एका मेलेल्या माणसाच्या बाबतीत, आपल्या अकादम्यांपेक्षा प्रामाणिक ठरली. इम्पॅक्ट फॅक्टर माणसं तोलायला वापरू नका, असं खुद्द गारफील्ड पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांचं तेवढंच ऐकलं गेलं नाही.

शेवटी कॉलऱ्याच्या लशीबद्दल. टोचायच्या जुन्या लशीचं प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय प्रवाशांकडून मागण्याची अट १९७३ साली उठली, कारण ती लस साथ रोखायला फारशी उपयोगाची नव्हती. पुढे स्वीडनमध्ये तयार झालेल्या पिण्याच्या लशीत मारलेल्या जिवाणूंबरोबर त्या विषाचा निरुपद्रवी 'ब' भागही घातला गेला. ज्या पोटात रोग होतो तिथंच लस पोचवायची, हा विचार दे यांच्या सशाइतकाच सरळ आहे. मानसन्मानाचं म्हणाल तर महालनबीसांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. दे यांच्या नावावर अजून एकही पद्म नाही.

त्यांच्या सायटेशनचा आजचा आकडा इंटरनेटवर क्षणात सापडेल. तो पाहण्याआधी मूळ लेख वाचा, असं मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगेन. 'नेचर', खंड १८३, पान १५३३. दुसऱ्या पानावर संपतो.